चार बांध आणि एक कर्ण

बर्‍याच दिवसांपासून ह्या विषयावर लिहायचं मनात होतं. भूमिती म्हटलं की ब्लॉगवर येणारी निम्मी मंडळी दुसर्‍या पानावर पळतात हे मला ठाऊक आहे. पण आजचा विषय आहे चौकोन, आणि चौकोन हा शाळेत शिकायचा विषय असला तरी आमच्या वरंधात तो पोटापाण्याचा विषय आहे. तिथे चौकोन म्हणजे खाचर. चार बांधांनी अडवलेलं पाणी आणि त्यात उभा भात.

ज्यांनी वरंध पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: महाडहून भोरकडे निघालं की घाट चढायच्या आधी, सह्याद्रीच्या पायथ्याशी आमचं गाव लागतं. घाटाला नाव आमच्याच गावाचं. डोंगर असा अंगावर आलेला की सरळ, काटकोनी शेत ही गोष्ट तिथे फारशी बघायला मिळत नाही. डोंगर वळेल तसा बांध वळतो. एक बाजू लांब, समोरची आखूड, तिसरी तिरकी. शाळेच्या पुस्तकात चौरस, आयत, समभुज, समांतरभुज, समलंब अशी नावं दिलेली असतात. आमच्या खाचरांना त्यातलं एकही नाव लागत नाही. ती नुसती चौकोन असतात.

आणि इथेच गंमत सुरू होते. गंमत म्हणा किंवा भांडण म्हणा.

तीन बाजूंची लांबी सांगितली की त्रिकोण पक्का होतो. तीन काठ्या टोकांशी बांधा, आकार हलणार नाही. चार काठ्या बांधून बघा. हाताने दाबलं की चौकट कलंडते. बाजू त्याच, पण मधली जागा कमी होत होत शेवटी नाहीशीसुद्धा होते. म्हणजे चार बांधांची लांबी तुम्ही अगदी बिनचूक मोजलीत तरी आत जमीन किती, हे त्यावरून ठरत नाही. चारही कोनांची बेरीज ३६० अंश असते हे खरं, पण एक कोन वाढला की दुसरा कमी होतो, बेरीज तेवढीच राहते. बेरजेला फसवून चौकोन कलंडतो.

ही गोष्ट आज कोणालाही पटेल. पण ती स्पष्ट शब्दांत सांगायला माणसाला फार वेळ लागला. इजिप्तमध्ये एडफू इथल्या होरसच्या देवळात जमिनींच्या दानाचे लेख कोरलेले आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यात प्रत्येक शेताच्या चार बाजू दिल्या आहेत, आणि क्षेत्रफळ काढायची रीत अशी: समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी घ्या, उरलेल्या दोघींची सरासरी घ्या, आणि दोन्हींचा गुणाकार करा. शेत तिकोनी असेल तर चौथी बाजू शून्य धरायची! बाबिलोनचे मोजणीदारही हीच रीत वापरत. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मस्फुटसिद्धान्तात ही रीत दिली, पण तिला 'स्थूल' म्हटलं. म्हणजे ढोबळ.

ढोबळ म्हणजे कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी, असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. ही रीत कधीच कमी दाखवत नाही. शेत काटकोनी असेल तर उत्तर बरोबर येतं, बाकी प्रत्येक वेळी जास्त. कारण सोपं आहे. एक कर्ण काढून चौकोनाचे दोन त्रिकोण करा. त्रिकोणाचं क्षेत्रफळ त्याच्या दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून कधीच जास्त नसतं, आणि निम्मं असतं तेही मधला कोन काटकोन असेल तरच. दुसरा कर्ण काढूनही तेच म्हणता येतं. ह्या दोन्ही गोष्टींची सरासरी काढली की नेमकी ती जुनी रीत मिळते. म्हणजे ती रीत सांगते ते 'जास्तीत जास्त इतकं'. आणि सारा भरताना तेच 'इतकं आहे' म्हणून लिहिलं जातं.

एक उदाहरण घेऊ, आपल्या मापात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. आता समजा एका खाचराचे समोरासमोरचे दोन बांध ९९-९९ फूट आहेत आणि दुसरे दोन ६६-६६ फूट. जुन्या रीतीने ९९ गुणिले ६६, म्हणजे ६५३४ चौरस फूट, बरोबर ६ गुंठे. पण खाचर कललेलं आहे, आणि लांब बांधांमधलं सरळ अंतर ५५ फूटच आहे. मग खरी जमीन ९९ गुणिले ५५, म्हणजे ५४४५ चौरस फूट. बरोबर ५ गुंठे. एक अख्खा गुंठा हवेत! ज्याचं शेत देशावर सपाटीला, काटकोनात आहे त्याचं काही बिघडत नाही. ज्याचं शेत डोंगराच्या कुशीत तिरकं आहे त्याने नसलेल्या जमिनीचा सारा भरायचा. गणितातली ढोबळ रीत अशी माणूस बघून लागते.

ब्रह्मगुप्ताने ढोबळ रीतीशेजारीच एक 'सूक्ष्म' रीतही दिली, आणि ती गणिताच्या इतिहासातल्या फार सुंदर सूत्रांपैकी एक आहे. चारही बाजूंच्या बेरजेचं निम्मं करा, त्यातून एकेक बाजू वजा करा, त्या चार वजाबाक्यांचा गुणाकार करा, त्याचं वर्गमूळ घ्या. झालं क्षेत्रफळ. आज आपल्याला माहीत आहे की चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतील तर हे उत्तर अगदी तंतोतंत येतं. ब्रह्मगुप्ताने ती वर्तुळाची अट सूत्रात शब्दांनी सांगितली नाही. पुढचे कित्येक जण मग ते सूत्र कुठल्याही चौकोनाला लावत राहिले. आणि गंमत बघा, त्याच चार बाजूंचे जितके चौकोन होतात त्यात सगळ्यात मोठा हा वर्तुळावर बसणाराच. म्हणजे सूत्र चुकीच्या जागी लावलं तरी उत्तर पुन्हा जास्तच येणार.

आता येतात भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. स्वतःच्या गावाचं वर्णन त्यांनी सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेलं असं केलंय. ते गाव नेमकं कुठलं ह्यावर विद्वानांची मतं वेगवेगळी आहेत, पण चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि त्याचा १२०७ चा शिलालेख तिथे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. तेव्हा माणूस सह्याद्रीच्या बाजूचा, एवढं आपण अभिमानाने म्हणायला हरकत नाही. आमच्या डोंगराची रांग तीच. :)

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पुरा केला. त्यातलाच पहिला भाग लीलावती. त्यात चौकोनाचं एक उदाहरण आहे. खालची बाजू (तिला ते 'भूमि' म्हणतात) १४, वरची बाजू ('मुख') ९, उरलेल्या दोन बाजू १३ आणि १२, आणि लंब १२. आपण तिन्ही रीतींनी करून बघू.

ढोबळ रीत: १४ आणि ९ ची सरासरी साडेअकरा, १३ आणि १२ ची साडेबारा. गुणाकार १४३.७५.

ब्रह्मगुप्ताची रीत: बेरजेचं निम्मं २४. वजाबाक्या १०, १५, ११ आणि १२. गुणाकार १९८००. वर्गमूळ १४१ ला जरासं कमी.

खरं उत्तर: लंब माहीत आहे, म्हणून साडेअकरा गुणिले १२. बरोबर १३८.

भास्कराचार्य सांगतात की वर्गमूळवाली रीत चौकोनाला अस्फुट आहे, नेमकी नाही. आणि पुढे त्यांचा संताप दिसतो. कर्ण किंवा लंब न सांगता जो चौकोनाचं नक्की क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो ते सांगायला जातो तो त्याहून मोठा पिशाच, अशा अर्थाचं ते लिहितात. गणिताच्या पुस्तकात शिवी! मला हा भाग फार आवडतो. त्यांनी शेतसार्‍याचा उल्लेख तिथे केलेला नाही, त्यांचा मुद्दा निव्वळ तर्काचा आहे. पण इतका राग निव्वळ तर्कासाठी येतो का, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

लगेच ते दाखला देतात. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्या. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६. आणि चौरस असेल तर ६२५. बाजू तिन्ही वेळा त्याच! आता सांगा, नुसत्या बाजू सांगून काय कळलं?

(एक नंबरची चेष्टा म्हणजे, ह्याच लीलावतीच्या सुरुवातीला मापांची यादी आहे, त्यात 'निवर्तन' ह्या जमिनीच्या मापाची व्याख्या वीस-वीस वंशांच्या चार भुजांनी बांधलेलं क्षेत्र अशी केली आहे. वंश म्हणजे दहा हातांचा बांबू. म्हणजे कडक परीक्षक असता तर आचार्यांनाच म्हणाला असता, महाराज, कर्ण कुठाय?)

पुढची कडी अजून जवळची आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, मुरुड तालुक्यात, समुद्रकाठी नांदगाव आहे. १५०७ मध्ये जन्मलेले गणेश दैवज्ञ तिथले. वडील केशव दैवज्ञ हेही मोठे ज्योतिषी. गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव हा १५२० चा ग्रंथ आपल्याकडच्या पंचांगकर्त्यांनी शतकानुशतके वापरला, त्यामुळे त्यांचं नाव ज्योतिषातच जास्त घेतलं जातं. पण १५४५ मध्ये त्यांनी लीलावतीवर बुद्धिविलासिनी नावाची टीका लिहिली, आणि तिचं वैशिष्ट्य असं की ती नुसता अर्थ सांगत नाही, 'असं का' तेही सांगते. उपपत्ती देते. पुण्याच्या आनंदाश्रमाने ती १९३७ मध्ये छापली.

त्यांचं वर्तुळाचं विवेचन बघण्यासारखं आहे. वर्तुळाच्या परिघाचं व्यासाशी असलेलं प्रमाण ३९२७ भागिले १२५०, म्हणजे ३.१४१६, हे भास्कराचार्यांनी दिलं होतं. ते येतं कुठून? गणेश दैवज्ञ सांगतात की वर्तुळात आधी षटकोन बसवा. त्याची बाजू त्रिज्येएवढीच असते, त्यामुळे सुरुवात सोपी. मग बाजू दुप्पट करत जा. १२, २४, ४८, ९६, १९२, ३८४. तीनशे चौर्‍याऐंशी कोनांची आकृती आली की ती वर्तुळाला इतकी चिकटते की तिची परिमिती मोजून हे प्रमाण मिळतं. वर्तुळाचं क्षेत्रफळ समजावतानाही त्यांनी ते भाकरीसारखं कापून पाकळ्या एकमेकींत दातांसारख्या अडकवायला सांगितल्या आहेत. मग त्याचा जवळपास आयतच होतो. शाळेत प्रकल्प म्हणून रंगीत कागदाचं आपण हेच करतो, पण नांदगावच्या माणसाने हे चारशे-पावणेपाचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

बहुकोनांबद्दल लीलावतीत आणखी एक कोष्टक आहे. व्यास १,२०,००० धरला तर आत बसणार्‍या नियमित आकृत्यांच्या बाजू किती? त्रिकोण १०३९२३, चौरस ८४८५३, पंचकोन ७०५३४, षटकोन ६००००, अष्टकोन ४५९२२. आजच्या कॅल्क्युलेटरने पडताळून पाहा, सगळे बरोबर. सप्तकोनाची बाजू मात्र ५२०५५ दिली आहे, खरी येते ५२०६६. नवकोनाचीही थोडी चुकते. आणि हे उगाच नाही. सहा आणि बारा कोन दोरी-खुंटीने मिळतात, आठही मिळतात. सात आणि नऊ नुसत्या पट्टी-कंपासने काढताच येत नाहीत, हे एकोणिसाव्या शतकात युरोपात सिद्ध झालं.

हे वाचल्यावर पुढच्या वेळी रायगडावर जाल तेव्हा गंगासागराजवळचे मनोरे नीट बघा. ते द्वादशकोनी आहेत. आणि जगदीश्वराच्या देवळाजवळचा महाराजांच्या समाधीचा चौथरा अष्टकोनी. बारा कोन म्हणजे षटकोनाची प्रत्येक बाजू एकदा दुभागली, आठ म्हणजे चौरसाची दुभागली. दोरी आणि खुंटीला जमतील असेच आकार. सप्तकोनी बुरूज कोणी का बांधत नाही, ह्याचं उत्तर त्या कोष्टकातल्या अकराच्या चुकीत आहे असं मला वाटतं.

परत शेताकडे येऊ. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली जमिनीची मोजणी झाली. काठी पाच हात पाच मुठींची, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर, असं माप सभासद बखरीत येतं. इंग्रज आल्यावर आधी प्रिंगलची मोजणी झाली, ती सदोष ठरली, मग १८३५ च्या सुमाराला इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. पुढे मुंबई इलाखाभर पसरलेली सर्व्हे नंबरांची पद्धत ती हीच.

त्या पद्धतीतली शंकू-साखळीची मोजणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल. मोजणीदार बांधाबांधाने नुसता फिरत नसे. तो आधी शेताच्या पोटातून एका कोपर्‍यापासून समोरच्या कोपर्‍याकडे सरळ रेघ धरायचा. मग शंकू लावून त्या रेघेवर काटकोन साधायचा आणि प्रत्येक कोपर्‍यापर्यंतचं आडवं अंतर साखळीने मोजायचा. शेताचे काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन पडायचे, त्यांची क्षेत्रफळं गुणाकार बुकात मांडून बेरीज. त्या कच्च्या आकृतीला म्हणतात टिपण. आमच्या घरच्या ट्रंकेत एका खाचराच्या टिपणाची नक्कल आहे. मी ती पहिल्यांदा निरखून बघितली तेव्हा चमकलोच. मधली रेघ म्हणजे कर्ण, आडव्या रेघा म्हणजे लंब! पिशाच्च व्हायचं नसेल तर जे जे सांगायला हवं म्हणून आचार्य बजावत होते, ते सगळं त्या पिवळ्या कागदावर होतं.

हिशेब करून बघा. चौकोन पक्का करायला पाच मापं लागतात: चार बाजू आणि एक कर्ण. पंचकोनाला सात. कोपरे कितीही असोत, त्यांची दुप्पट करून तीन वजा करायचे. दर वाढत्या कोपर्‍याला एक बाजू आणि एक कर्ण जास्त, कारण शेवटी सगळं त्रिकोणांवर येऊन थांबतं. (कोपरा रेघेच्या कुठल्या अंगाला आहे तेही लागतं, ते टिपणात दिसतंच.) कोनांच्या बेरजेचंही तसंच. कोपर्‍यांतून दोन वजा करा, तितके त्रिकोण, प्रत्येकाचे १८० अंश. आता उपग्रहावरून जागा घेणारे रोव्हर आले आहेत, साखळी गेली. पण आतलं गणित त्रिकोणाचंच आहे.

हे सगळं आज लिहायचं कारण सांगतो. आमच्या तालुक्याने दोनदा डोंगर खाली येताना पाहिलाय. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई आणि आसपासच्या गावांत, आणि २२ जुलै २०२१ ला तळियेत. तिथे जे गेलं त्याच्यापुढे जमिनीचा हिशेब बोलणं लहान वाटतं. पण जे मागे राहतात त्यांना कधीतरी तो करावाच लागतो. दरड नाही आली तरी दर पावसात कुठला ना कुठला बांध वाहून जातोच. बांध गेला की कागद उरतो. त्या कागदावर चारच लांब्या असतील तर त्यावरून शेत परत उभं करता येत नाही, चौकट कलंडते. आणि कलंडलेली चौकट ज्याला हवी त्या बाजूला ओढता येते. भाऊबंदकीचे निम्मे वाद बाजूंच्या लांबीवर नसतात, ती दोघांनाही मान्य असते. वाद असतो तो न लिहिलेल्या कर्णावर.

घरातली मंडळी हे वाचणार आहेत म्हणून मुद्दाम. पुढच्या उन्हाळ्यात आपली वाटणी ठरायची आहे. काका म्हणतात, घरातल्या घरात दोरीने मोजू, समजुतीने घेऊ. काका, समजूत आपली चांगलीच आहे, आणि आज आपण सगळे एका विचाराचे आहोत. पण कागद आपण आपल्यासाठी लिहीत नाही, नातवंडांसाठी लिहितो, आणि त्यांची समजूत कशी असेल ते आपल्या हातात नाही. रीतसर मोजणी मागवू तेव्हा मागवू. तोवर दोरी लावाल तेव्हा प्रत्येक खाचराच्या चार बांधांबरोबर एका कोपर्‍यापासून समोरच्या कोपर्‍यापर्यंतही ती एकदा ताणा आणि तो आकडाही लिहा. भात लावलेला नसताना, मे महिन्यात, पाच मिनिटांचं काम आहे.

बाकी ज्यांना उपपत्ती वाचायची हौस असेल त्यांनी ना. ह. फडके यांचं 'लीलावती पुनर्दर्शन' मिळवून जरूर वाचा. मराठीत आहे.